शिशुगृहातलं तेलपाणी

आमच्या शिशुगृहात पाहुणे आले की सगळ्यात आधी तिथल्या शांततेचं कौतुक करायचे. कोणी वाढदिवसाचा खाऊ घेऊन यायचं, कोणी वडिलांच्या पुण्यतिथीला दूधपावडरचे डबे. दारात चपला काढून पाळण्यांच्या दोन रांगांकडे बघत म्हणायचे, "बावीस मुलं आहेत, पण एकाचा आवाज नाही हो! केवढी शिस्त!" मी हसून मान हलवायचे. माझं तिथलं पहिलंच वर्ष होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ती शिस्तच वाटत होती.

ती शिस्त नव्हती. तान्हं मूल रडतं ते कोणीतरी येईल म्हणून. काही आठवडे रडूनही कोणी आलं नाही, की ते रडणं सोडून देतं. हे मला प्रशिक्षणात कोणी शिकवलं नव्हतं. ते मी एका लंगोट धुणाऱ्या बाईकडून शिकले, आणि त्या शिकवणीची परतफेड मी कशी केली ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे. या वयात हात दुखतो, सलग लिहवत नाही. चार दिवस लागले.

काळ सत्तरच्या दशकातला. सहायक परिचारिकेचं शिक्षण झाल्यावर मी सुरगाण्याच्या बाजूला एका उपकेंद्रात दोन वर्षं काढली होती. मग वडिलांना अर्धांगवायू झाला, घराजवळ नोकरी हवी झाली, आणि मी नाशिकच्या या संस्थेत लागले. संस्थेचं नाव लिहीत नाही. आता ती त्या इमारतीत नाही, आणि त्या वेळचं तिथे कोणी उरलेलंही नाही. आमच्या बौद्ध वसाहतीत नर्सिंग केलेली मी पहिली मुलगी. पांढरी साडी नेसून बसच्या थांब्यावर उभी राहिले की बायका दारात येऊन बघायच्या. माझ्या मागे तीन भावंडं शाळेत होती. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्यामागे हे होतं. सबब म्हणून ते पुरतं की नाही, हे वाचणाऱ्यानं ठरवावं.

मुलं कुठून यायची, असं लोक दबक्या आवाजात विचारत. बहुतेक दवाखान्यातून. बाळंत होऊन, मूल तिथेच ठेवून निघून गेलेल्या मुलींची ती बाळं. काही पोलिसांबरोबर यायची: एसटी स्टँडवर सापडलेलं, घाटाच्या पायऱ्यांवर ठेवलेलं, एकदा तर भाजीच्या पाटीत, वर मेथीची जुडी झाकून. पोलिसांच्या कागदावर जी तारीख, तोच मुलाचा वाढदिवस. नाव त्या पाळीत जी कामावर असेल तिनं ठेवायचं. आमची एक आयाबाई सिनेमाची शौकीन होती. तिच्या पाळीत आलेली सगळी मुलं पडद्यावरच्या नावांची. मी आपली साधी नावं ठेवायचे.

एका पाळीत दोन आया आणि मी. दर तीन तासांनी दूध. एका मुलाला मांडीवर घेऊन नीट पाजायचं तर वीस मिनिटं जातात. बावीस मुलांना तसं पाजत बसलो असतो तर शेवटच्याचं होईपर्यंत पहिलं पुन्हा भुकेलं असतं. म्हणून आम्ही बाटली टेकवायचो. दुपट्याची घडी मुलाच्या गालाशी ठेवायची, तिच्यावर बाटली कलती करायची, निपल तोंडात. मूल छताकडे बघत एकटंच प्यायचं. निपल निसटलं तर निसटलं. मग लंगोट, मग ओल्या फडक्यानं अंग पुसणं, मग औषधं, की पुन्हा दूध. मुलाला उचलायचं ते कामापुरतं. मला शिकवलेलंही तसंच होतं, की जितके कमी हात लागतील तितका संसर्ग कमी. आया कधी एखाद्याला कडेवर घेऊन खिडकीशी उभ्या राहिल्या की मीच त्यांना टोकायचे. सगळ्या मुलांची डोकी मागून चपटी झालेली होती. त्यात मला काही वावगं दिसत नव्हतं.

मुकुंद हे मी ठेवलेलं नाव. तीन आठवड्यांचा असताना आला तेव्हा बरा होता. पण पाचवा महिना लागला तरी त्याच्या मांड्यांची कातडी सुरकुतलेली, मुठी घट्ट मिटलेल्या. दूध प्यायचा, ओकायचा नाही, ताप नाही, जुलाब नाही. आठवड्यातून दोनदा एक बालरोगतज्ज्ञ काही न घेता आमच्याकडे येत. फार बोलत नसत, पण माणूस सरळ. त्यांनी रक्त तपासलं, लघवी तपासली, दूध बदलून पाहिलं. शेवटी फाइलवर इंग्रजीत एक ओळ लिहिली. तिचा अर्थ एवढाच, की मूल वाढत नाही.

"कशानं वाढत नाही, डॉक्टर?" मी विचारलं.

"ते कळलं असतं तर औषध नसतं लिहिलं?"

भागाबाई आमच्याकडे लंगोट धुवायला होत्या. हरसूलकडच्या. नवरा गेल्यावर नाशिकला आलेल्या, पन्नाशीच्या आत-बाहेर, काटक, कमी उंचीच्या. मागच्या अंगणात पत्र्याच्या पिंपापाशी त्यांचं राज्य. आत पाळण्यांच्या खोलीत त्यांना यायचं काम नव्हतं. एका सकाळी नऊच्या सुमाराला मुकुंदचा पाळणा रिकामा दिसला. धावत मागे गेले, तर कोवळ्या उन्हात भागाबाई पाय लांब करून बसलेल्या, आणि त्यांच्या दोन पायांच्या खोबणीत मुकुंद उघडा, तेलानं चकाकणारा.

"भागाबाई! हे काय चाललंय? कोणी सांगितलं तुम्हाला?"

त्या उठल्या नाहीत. "कोणी नाय. तेल माझं हाय, घरून आणलंय."

"तेलाचं नाही विचारत मी. मुलांना हात लावायचा नाही, माहीत आहे ना?"

"हात नाय लावायचा, मंग वाढायची कशी?"

"तो आजारी आहे. डॉक्टर बघतायत."

"आजार नाय, सिस्टरबाई." त्यांचे अंगठे मुकुंदच्या तळव्यांवरून वर सरकत होते. "याला कोणी वळखत नाय. कोणासाठी वाढायचं त्यानं?"

मी त्याला उचलायला वाकले आणि थांबले. मुकुंदची एक मूठ उघडली होती. आणि तो भागाबाईंच्या तोंडाकडे बघत होता. इतक्या महिन्यांत कोणाच्या तोंडाकडे टक लावून बघताना मी त्याला पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे, पाहण्याइतका वेळ मी कधी त्याच्यापाशी थांबलेच नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं. वाटलं, रागावतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझ्याकडे दुसरं काही नाही. चोळू दे त्या बाईला. दर सोमवारी वजन करा आणि मला दाखवा."

मी मात्र अटी घातल्या. नाका-कानात तेल घालायचं नाही. धुरी द्यायची नाही. पाय धरून उलटं टांगायचं नाही. टाळू दाबायची नाही. प्रत्येक मुलाआधी साबणानं हात धुवायचे.

"मंग ऱ्हायलं काय?" भागाबाई म्हणाल्या. पण साबणाची वडी मात्र त्याच दिवशी मागून घेतली.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बाई जमिनीवर बसते, पाय सरळ, घोटे जुळवलेले. मूल पायांवर उताणं, डोकं तिच्या पावलांकडे, म्हणजे त्याला सतत तिचा चेहरा दिसतो. तेल आधी स्वतःच्या तळहातांवर चोळून कोमट करायचं. सुरुवात पायांपासून, छातीला एकदम हात घातला तर मूल दचकतं. तळवे, पोटऱ्या, मांड्या, मग पोटावर गोल, मग छातीवर मधून बाहेर, मग हात. उजवा हात डाव्या पायाला आणि डावा उजव्याला, असं हलकेच जुळवायचं. मग पालथं घालून पाठ. हे सगळं करताना भागाबाई अखंड बोलायच्या. "हा कोणाचा पाय? मुकुंदाचा पाय. आन हा? हा बी मुकुंदाचाच! लय श्रीमंत बाबा तू, दोन दोन पाय." मग कोमट पाणी तांब्यानं, पुसणं, आणि कापडात घट्ट गुंडाळणं. एका मुलाला पाऊण तास. रोज पाच-सहा मुलं व्हायची, आणि कोणाला घ्यायचं ते भागाबाईच ठरवायच्या. आधी अगदी मरतुकडी, मग त्यांच्याहून बरी. नवीन मुलाचा नंबर आठवड्या-दोन आठवड्यांनी लागायचा.

दुसऱ्या सोमवारी मुकुंदचं वजन हललं. चौथ्या सोमवारी मी काट्यावरून त्याला उतरवून पुन्हा ठेवलं, कारण मला काटा बिघडला असं वाटलं. महिन्या-दोन महिन्यांत त्याच्या मांड्यांना वळ्या पडल्या. नऊ वाजता मागच्या दाराची कडी वाजली की तो पाय झाडायला लागायचा. आमच्या अधीक्षिका, त्यांना सगळे माई म्हणत, पाहुण्यांना त्याच्या पाळण्याशी नेऊन दाखवायला लागल्या.

त्या दिवसांत एकदा चहा पिताना भागाबाईंनी आपणहून सांगितलं. नाशिकला आल्यावर त्या पंचवटीत घरोघरी बाळंतिणींचं तेलपाणी करायच्या. हाताला नाव होतं. मग एका घरी बाळ नवव्या दिवशी दगावलं. त्याला जन्मल्यापासून कावीळ होती, अंग हळदीसारखं. "पर म्हातारी म्हणाली, हिचा हातगुण वाईट. झालं. दुसऱ्या दिवशी चार घरांनी निरोप धाडला, येऊ नको म्हणून." त्यांनी कप विसळला. "लंगोटं धुवायला हातगुण लागत नाय, म्हणून इथं आले."

हे मला माहीत होतं. पुढचं सगळं घडलं तेव्हा हे मला माहीत होतं.

भाद्रपदात रॉकेलची टंचाई झाली. आमच्या बाटल्या आणि निपलं एका मोठ्या पातेल्यात स्टोव्हवर उकळत असत, दर पाजणीच्या आधी, वीस मिनिटं. ती जबाबदारी माझी. प्रत्येक वेळी उकळून झालं की वहीत खूण करायची. रॉकेल संपत आलं तेव्हा मी ठरवलं, दोन दिवस निभावून नेऊ. सकाळी एकदाच उकळायचं आणि दिवसभर बाटल्या पाण्यानं विसळून वापरायच्या. दोन दिवसांचे आठ झाले. आणि वहीत मी सवयीनं प्रत्येक पाजणीपुढे खूण करत राहिले. माईंना सांगितलं असतं तर त्यांनी कुठूनही रॉकेल आणलं असतं. पण आधीच्याच आठवड्यात, सिस्टर फार कुरकुर करतात, असं त्या कोणाशी तरी बोललेल्या माझ्या कानावर आलं होतं. मी गेले नाही.

नवव्या दिवशी तीन मुलांना हगवण लागली. अकराव्या दिवसापर्यंत आठ झाली. तान्ह्या मुलाला हगवण म्हणजे काय, ते ज्याने पाहिलं असेल त्याला सांगायला नको. सकाळी खेळणारं मूल दुपारी डोळे खोल गेलेलं दिसतं, पोटाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहते. मी आणि आया चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजत होतो. चौघांना दवाखान्यात हलवलं. भागाबाई दिवसभर लंगोट धूत होत्या, थंड पाण्यात.

रेवती दवाखान्यातच दगावली. सात आठवड्यांची होती, येऊन बारा दिवस झाले होते. तिच्याबद्दल सांगायला माझ्याकडे याहून जास्त काही नाही, आणि तेच मला जास्त खुपतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या कार्यालयात संस्थेची समिती बसली. माई, दोन सदस्य आणि मी. डॉक्टर दवाखान्यात उरलेल्या तिघांजवळ होते. एक सदस्य तावातावानं बोलत होते. "एकच बाई, एकच तेलाची वाटी, तेच हात एका मुलावरून दुसऱ्यावर. यात शोधायचं काय आहे? आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला."

माई माझ्याकडे वळल्या. "सिस्टर, बाटल्या नियमानं उकळतात ना?"

वही माझ्या हातात होती. सगळ्या खुणा जागच्या जागी.

"हो," मी म्हणाले.

आणखी एक गोष्ट मला सांगता आली असती. आजारी पडलेल्या आठांपैकी दोघांचा भागाबाईंकडे नंबरच लागला नव्हता. त्या दोघांतली एक रेवती. जी गेली तिला त्या बाईचा हात एकदाही लागलेला नव्हता. हे कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. दूध तेवढं सगळ्यांना एकाच पातेल्यातल्या बाटल्यांतून जात होतं. हे सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न बाटल्यांवर आला असता.

भागाबाईंना वर बोलावलं. त्या ओले हात पदराला पुसत दारात उभ्या राहिल्या. माई शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून मुलांना हात लावू नका. मालिशीमुळे आजार पसरला असं समितीचं मत आहे. धुणं करायचं असेल तर करा, आम्ही काढत नाही."

भागाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग म्हणाल्या, "बरं."

त्या दिवशीचं सगळं धुणं त्यांनी धुतलं, पिळलं, दोऱ्यांवर वाळत घातलं. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत.

मुकुंद वाचला होता. नऊ वाजले की तो मागच्या दाराकडे मान वळवायचा. सात-आठ दिवस वळवली. मग त्यानं दाराकडे बघणं सोडलं. मी त्याला उचलून घेऊ शकले असते, कोणी माझे हात धरले नव्हते. पण नवीन आदेश होता, कमीत कमी हाताळणी, आणि तो आदेश फळ्यावर लिहिला होता मीच. तिसऱ्या आठवड्यात त्याची मूठ पुन्हा मिटली. वजनाच्या वहीत सोमवारमागून सोमवार आकडा तिथेच, मग खाली. एकट्या त्याचाच नाही, भागाबाईंकडे होती त्या सगळ्यांचा.

दिवाळी झाल्यावर एका सोमवारी डॉक्टरांनी वही उघडली, मागची पानं चाळली, पुन्हा पुढे आले. "गेल्या दोन महिन्यांत काय बदललंय इथे?"

"मालिश बंद केली," मी म्हणाले. मग मला थांबवेना. काट्याशेजारी उभी राहूनच मी सगळं सांगितलं, रॉकेल, पातेलं, खुणा, रेवतीचा नंबर.

"खात्रीनं कोणीच सांगू शकत नाही," ते म्हणाले. "हगवण आणखी दहा वाटांनी येते."

"मला खात्री आहे."

"हं." त्यांनी वही मिटली. "मालिश सुरू करा. माईंना मी माझ्या नावानं लिहून देतो, वैद्यकीय सल्ला म्हणून. त्या बाईला परत आणा. बाटल्यांचं मात्र समितीला तुम्हीच सांगायला हवं. ते मी सांगणार नाही."

"सांगते," मी म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी मी हरसूलची एसटी धरली. बाजाराचा दिवस होता. पत्ता एवढाच, की भावाकडे असतात. पण तेलपाणी करणारी भागाबाई म्हटल्यावर तिसऱ्याच माणसानं बोट दाखवलं. त्या सुकट घेत होत्या. मला बघून दचकल्या नाहीत. पुडी बांधून होईपर्यंत मला उभं केलं, मग म्हणाल्या, "लांब आल्या. चला घरी."

घर म्हणजे कुडाच्या भिंती, पुढे सारवलेलं अंगण, एका बाजूला नागलीची कणसं पसरलेली. त्यांनी पाणी दिलं, कोरा चहा दिला. मी मान खाली घालून सगळं सांगितलं.

"मला म्हाईत होतं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"श्टोव बंद होता ते. लंगोटाला ऊन पाणी त्याच श्टोववरनं येत व्हतं ना. आठ दिवस गार पाण्यात धुतली म्या. बाटल्यांना तरी कुठनं मिळणार?"

मी म्हणाले, "मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी तिथेच उभी होते."

"माझं कोण ऐकत व्हतं? आन तुमचं नाव सांगून मला काय भेटणार? ती पोर उठून बसणार व्हती?" त्या उठून चुलीतलं लाकूड मागे ओढून आल्या. मग म्हणाल्या, "पर वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. तुमी मला विचारलं असतं, भागाबाई, मी घाबरले, काय करू? तर म्याच सांगितलं असतं, गप ऱ्हा म्हणून. पर विचारायचं तरी."

मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, समजूत घातली नाही.

"परत चला," मी म्हणाले. "डॉक्टरांनी बोलावलंय. मुकुंद..."

"त्याचं नाव काढू नका." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "मी नाय येणार. दोनदा झालं. तिसऱ्यांदा पोरगं दगावलं तर माझ्यानं ऐकवणार नाय."

मग त्या आत गेल्या आणि भाच्याच्या बायकोचं महिन्याभराचं बाळ घेऊन आल्या. मागून तेलाची वाटी.

"बस खाली," त्या मला म्हणाल्या. इतक्या दिवसांत कधी मला 'तू' म्हटलं नव्हतं. "पदर खोच. पाय लांब कर. साडीला तेल लागंल, लागू दे."

बाळ माझ्या पायांवर ठेवलं. मी नर्स होते, शेकडो मुलं हाताळलेली, आणि या बाळाचा पाय मी घट्ट आवळून धरला होता.

"दाबतीस कशाला? इंजिशन देतीस का? हात सैल सोड. आन त्याच्याकडं बघ की! हाताकडं काय बघतीस, हात कुठं जात नाय. त्याच्याशी बोल."

"काय बोलू?"

"काय बी. त्याला काय कळतंय!"

मी त्या बाळाला बसमध्ये जागा कशी मिळाली नाही ते सांगितलं. भागाबाई हसल्या. शेवटची एसटी निघेपर्यंत त्यांनी माझ्याकडून तीनदा करून घेतलं.

परत आल्यावर मी पहिला मुकुंदला घेतला. त्यानं अंग लाकडासारखं ताठ केलं. तो माझ्या चेहऱ्याकडे बघेना. त्याचे डोळे माझ्या खांद्यावरून मागच्या दारावर. चौदा-पंधरा दिवस असेच गेले. एका सकाळी चोळताना मला जांभई आली, आणि त्यानं तोंड उघडून माझ्यासारखंच केलं. तेव्हापासून जमलं. आयांना शिकवलं. बाटल्या टेकवणं पूर्ण बंद नाही करू शकले, पण रोज एकदा तरी प्रत्येक मुलाला मांडीवर पाजायचं, एवढा नियम केला आणि शेवटपर्यंत पाळला. स्टोव्हचं काम दुसऱ्या कोणाला दिलं नाही.

मुकुंद दीड वर्षाचा असताना येवल्याच्या एका विणकर जोडप्यानं त्याला दत्तक घेतलं. ती बाई त्याचे पाय दाबून बघत म्हणाली, "याला कोणीतरी चांगलं चोळलंय." मी म्हणाले, "हो, होत्या एक बाई." गाडी गेली, आणि त्याच पाळण्यात दुपारी नवीन मूल आलं. असं किती वेळा झालं ते आता आठवत नाही. लोक याला सेवा म्हणतात. आम्ही ड्यूटी म्हणायचो. अठरा वर्षं मी तिथे होते. गुडघे त्या फरशीवर बसून बसून गेले, आणि जी मुलं मोठी होऊन घरोघरी गेली त्यांतल्या एकाचंही तोंड आज मला ओळखता येणार नाही.

दोन वर्षांनी भागाबाई एकदा आल्या. कुठल्याशा कामाला नाशिकला आल्या होत्या, वाटेत डोकावल्या. आत येईनात, मागच्या पायरीवरच बसल्या. त्यांच्या ओळखीचं एकही मूल आता तिथे नव्हतं. मी सांगितलं, कोण कुठे गेलं. मुकुंदचं सांगितल्यावर, "येवल्याला का? बरं झालं, घरातच माग असतो, बाप घरीच ऱ्हातो," एवढंच म्हणाल्या. आमची एक आयाबाई अंगणात एका मुलीला चोळत होती. भागाबाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग राहवलं नाही. "अगं, मान धर, मान," म्हणून पुढे झाल्या आणि हात मध्येच थांबवला. माझ्याकडे पाहिलं. मला विचारत होत्या, लावू का?

"धरा ना," मी म्हणाले. त्यांनी साबण मागितला, हात धुतले, आणि मगच त्या मुलीची मान धरली.

बाटल्यांचं समितीला सांगते, हा डॉक्टरांना दिलेला शब्द मी अजून पाळला नव्हता. माई तेव्हा वर कार्यालयातच होत्या. मधे फक्त एक जिना होता. भागाबाईंना घेऊन वर जावं, बाटल्यांची वही समोर ठेवावी आणि दोन वाक्यं बोलावीत, एवढंच करायचं होतं. आता वडीलही गेले होते, पाठचा भाऊ नोकरीला लागला होता, मला काढलं असतं तरी आम्ही उपाशी मेलो नसतो. भागाबाईंनी चहा घेतला, पिशवी उचलली, "येते" म्हणाल्या. मी जिन्याशी थांबले. वरून माईंचा कोणाशी तरी बोलण्याचा आवाज येत होता.

मग मी भागाबाईंना फाटकापर्यंत सोडायला गेले.